दाराबाहेरचे बूट

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकही नाव उरलं नव्हतं. कुही तालुक्यातले धानाचं बियाणं मागणारे सगळे शेतकरी गायब. गोपिकानं वरच्या ओळीकडे पाहिलं. मशीनला दिलेला शेवटचा हुकूम अजून दिसत होता: एक गाव खोडण्याचा. गावाच्या नावाभोवती अवतरणचिन्हं नव्हती. चिन्हं विसरली की मशीनला गाव कोणतं ते कळत नाही आणि ते सगळंच खोडून मोकळं होतं. हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. झोपेतही ती ते विसरली नसती.

पण हुकमाच्या आधी नाव होतं गोपिकाचं.

सकाळी आपलं नाव टाकलं की बंद करेपर्यंत मशीन त्याच माणसाला धरून चालायचं. मग खुर्चीत दुसरं कोण येऊन बसलं, याचं त्याला सोयरसुतक नसे. आणि चहाला जाताना गोपिका नाव बंद करायची विसरली होती.

"गोपिकाताई, साहेबानं बोलावलं," दारातून शिपाई ताराचंद म्हणाला. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता.

ती तशीच उठली. लकडगंजातल्या त्या बियाणं कंपनीत कॉम्प्युटर येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याची बडदास्त जावयासारखी होती. त्याला थंड हवा लागे, धूळ चालत नसे. पायातलं दाराबाहेर काढूनच आत जायचं. त्यामुळे आत कोण आहे, हे बाहेरच्या जोड्यांवरून कळे. साहेबांचे काळे बूट दिसले, की दाराला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

मनोहरराव साहेब केबिनमध्ये उभेच होते.

"कोणी खोडली नावं?"

"मी नाही खोडली साहेब."

"मशीन तुमचंच नाव सांगते. मशीन काय खोटं बोलते?"

"मी चहाले गेली होती."

"चहा काय दिवसभर पीत होत्या? परत आल्यावर तर आतच बसल्या असाल ना?"

कामठीला गोपिकाच्या बापाचा हातमाग बंद पडला होता, घर तिच्या पगारावर चाललं होतं. ही नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

"आत जाताच नाही आलं साहेब. मी बाहेरच उभी होती. ताराचंदकाकाले विचारा."

तिच्यामागून येऊन दारात थांबलेल्या ताराचंदनं हातातलं फडकं उगाच दुमडलं, पुन्हा उलगडलं.

"काहून नाही आलं जाता? दाराले कुलूप होतं?" साहेबांनी विचारलं.

गोपिकानं मान खाली घातली. तिची नजर साहेबांच्या पायातल्या काळ्या बुटांवर गेली आणि तिथून हलेना.

साहेबांनीही खाली पाहिलं.

आता आपली सुटका होईल, असं गोपिकाला क्षणभर वाटलं.

"तुम्ही इथंच थांबा," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले. "मशीन मी स्वतः पाहतो."

ते निघाले. केबिनच्या काचेतून दोघं त्यांच्याकडे बघत राहिले. मशीनच्या खोलीपाशी साहेब वाकले, नाड्या सोडल्या आणि रोजच्या सवयीनं बूट भिंतीकडेला ठेवले. दाराची मूठ धरली. मग थबकले. मागे वळून त्यांनी बूट उचलले, काखेत मारले, आणि आत शिरून दार लावून घेतलं.

दाराबाहेर आता फक्त फरशी होती.

"पोरी," ताराचंद कुजबुजला, "आत्ता उठताना तुह्यं नाव बंद केलं होतं न वं?"

गोपिकानं याही वेळी नाव बंद केलं नव्हतं.