राजाचा हात पोचत नाही तिथे

"भाला फेकू नका कुणी! ही माझी आहे!" नाहोआ ओरडला आणि त्यानं खडकावरून समुद्रात उडी घेतली.

किनाऱ्यावरच्या शिपायांनी भाले खाली केले. नाहोआ म्हणजे सरदाराचा सगळ्यात दांडगा गडी. तो मागे लागला म्हणजे काम झालंच.

कालेई पंचवीस-तीस हात पुढे होती. पहाटे तिनं नियम मोडला होता आणि त्याला शिक्षा एकच होती, मरण. सुटायची जागाही एकच होती. होनाउनाउच्या खाडीपलीकडं काळ्या दगडांची उंच भिंत होती, आणि तिच्याआड जुन्या राजांची हाडं जपून ठेवलेली होती. त्या जमिनीला पाय लागला की सरदारच काय, खुद्द राजाचाही हात पोचत नसे.

"डावीकडे कुठं निघालीस, बये? तिकडं भोवरा आहे! फुकट बुडशील!"

"बुडले तर तुला काय रे?"

"मग मी सरदाराला काय दाखवू?"

किनाऱ्यावर हशा पिकला. कालेई उजवीकडे वळली.

निम्म्यावर आल्यावर तिचे हात जड झाले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मागचा सपसप आवाज आता अगदी जवळ आला होता.

"एवढ्यात दमलीस?" नाहोआ म्हणाला. "माझी म्हातारी आई याहून जोरात पोहते!"

"थांब मेल्या, दाखवते तुला!"

आणि ती सुटलीच. लाटेमागून लाट कापत गेली. पायाला वाळू लागली तशी धडपडत उठली, पडली, पुन्हा उठली आणि भिंतीच्या आत जाऊनच कोसळली.

म्हातारा पुजारी तिथं उभाच होता. "काय केलंस, पोरी?"

"केळी खाल्ली, आजोबा."

बायकांना केळं शिवायचीही बंदी होती.

"किती?"

"चार."

पुजाऱ्याला हसू आवरेना. त्यानं तिच्या डोक्यावर समुद्राचं पाणी शिंपडलं, मंत्र पुटपुटला. "ऊठ. मोकळी झालीस तू."

कालेई उठली. दोन्ही हात उंचावून खाडीपलीकडं बघत ओरडली, "जगले! बघा रे, जगले मी!"

पलीकडचा हशा केव्हाच थांबला होता.

तेवढ्यात नाहोआ निथळत पाण्याबाहेर आला. पाठीला बांधलेला भाला त्यानं सोडून हातात घेतला. पुजारी झटकन आडवा आला.

"मागं फीर! इथं ती तुझी कुणी लागत नाही."

नाहोआनं भाला लांब समुद्रात भिरकावला आणि गुडघे टेकले. "मलाही आत घ्या, आजोबा. केळी मीच तोडून दिली. डोहाळे लागलेत हिला, होणाऱ्या बापानं एवढंही करू नये?"