फोटोचा खिळा

विल्मारने बरणीचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"ओल्या गवताचा वास येतोय, साहेब. कधी भरली?"

"काल," दार्दो म्हणाला. "फांद्या चुलीच्या वर टांगल्या होत्या. दोन दिवसांत कुरकुरीत झाली की फुलं!"

"वरून!" विल्मारने एका फुलाचा देठ वाकवला. तो नुसताच लवला. "हा कटकन मोडायला हवा. आत पाणी आहे अजून. दोन दिवसांत बुरशी आली असती."

दार्दोचा चेहरा उतरला. परसातलं ते एकच झाड, वर्षातून एकदाच फुलणारं. उरुग्वेत आता नाव नोंदवून घरी गांजा लावता येतो. कमरेच्या दुखण्याने बायकोला, निबियाला, रात्रभर झोप नाही, तिच्यासाठीच त्याने लावला होता. वीस वर्षांपूर्वी असल्याच एका झाडापायी, तेव्हा फौजदार असलेल्या दार्दोने या विल्मारला नऊ दिवस कोठडीत बसवलं होतं. त्यालाच घरी बोलवायचं म्हणजे जिवावर आलं होतं. पण निबिया हटून बसली. "ज्याला कळतं त्याला बोलाव. तुझं नाक खाली झालं तर होऊ दे, मला झोप हवीय."

विल्मारने बरणी वर्तमानपत्रावर रिकामी केली. निबियाने त्याच्या हातात माते चहाचा नळी घातलेला तुंबा दिला.

"मग वाळवायचं तरी कसं?" दार्दोने विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत की."

"मी?"

"माझं झाड मुळासकट उपटलंत आणि पुरावा म्हणून चौकीच्या बोळात उलटं टांगलंत. ऊन नाही, खिडकी बोटभर उघडी. कोठडीतून मी दुसरं बघणार काय? असं झकास वाळलेलं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी तसंच वाळवतो."

निबिया कंबर धरून हसत सुटली. दार्दोला मात्र कुठे बघावं कळेना.

"राग नाही आला तुला?"

"आला ना! चांगली बारा वर्षं पुरला. चला, चुलीवरच्या उरलेल्या फांद्या उतरवा. घरात अंधारी, वारा खेळती जागा कुठे आहे?"

निबियाने मधल्या बोळाकडे बोट दाखवलं. तिथे भिंतीत एकच भक्कम खिळा होता. त्यावर गणवेशातला, छातीवर पदक लावलेला दार्दो टांगलेला होता. विल्मार गुपचूप चहा ओढू लागला.

दार्दोने फोटो उतरवला, धूळ पुसली आणि निबियाच्या हातात दिला. मग फांद्यांची जुडी त्याच खिळ्याला उलटी बांधली आणि खिडकी बोटभर उघडली.

"नऊ दिवस?"

"नऊ. मग बरणीत. तिलाही महिनाभर रोज झाकण काढून हवा द्यायची."

"महिनाच ना? थांबेन मी," निबिया म्हणाली.

"मी रोज येऊन बघून जाईन," विल्मार म्हणाला. "सवय आहे मला."