आधी कोण बोलणार

रिव्का नागावकर अमेरिकेहून आली, चपला बाहेर काढल्या आणि एक शब्द न बोलता जनकाबाईंसमोर जमिनीवर बसली. ना जय भीम, ना नमस्कार. माणिकरावांनी पुढे केलेली खुर्ची तशीच राहिली.

नांदुऱ्यात दुःखाच्या घरी असं कोणी येत नाही. आलेला माणूस उंबऱ्यातच सुरू होतो, कसं झालं, केव्हा कळलं, आणि घरच्यांनी तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. माणिकराव-जनकाबाईंचा मुलगा प्रेमानंद गेला, त्याच्या जलदान विधीपर्यंत अर्धं गाव असं विचारून गेलं होतं. माणिकरावांना त्याचा वीट आला होता. पण या बाईनं मात्र स्वतःहून तोंड उघडायलाच हवं होतं.

कारण आपला मुलगा हिच्यामुळे गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तिकडे अमेरिकेत ज्यू लोकांची आणि आशियातून गेलेल्या लोकांची मिळून एक समिती होती. ती प्रेमानंद आणि रिव्का या दोघांनीच उभी केली होती. रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्या चिनी बाईला कोणी मारलं, कुणाच्या दुकानावर शिव्या लिहिल्या, की ही मंडळी पोलिसांकडे, कोर्टात, नगरपालिकेत खेटे घालायची. मग ज्यूंच्या प्रार्थनाघराला धमक्या आल्या. प्रेमानंद आपली माणसं घेऊन तिथल्या फाटकावर पहाऱ्याला उभा राहिला. एक गाडी मुद्दाम अंगावर आली. प्रेमानंद वाचला नाही.

कागदपत्रांपायी शवपेटी यायला फार दिवस लागले. तोवर जनकाबाई एकच बोलत होत्या. आपल्याकडे मढ्यापाशी रात्रभर कोणी ना कोणी बसतं, आणि माझं लेकरू तिकडं बर्फात एकटं पडलं. पेटी आली आणि त्यांचं तेवढं बोलणंही बंद झालं.

चहा आला, गार झाला. दारातल्या शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. बाई आपली खाली मान घालून बसलेली. बरं, भाषेचीही अडचण नव्हती. हिचे आजोबा अलिबागकडचे, कोकणातले ज्यू. घरात अजून मराठी बोलतात, हे प्रेमानंद फोनवर कौतुकानं सांगायचा. म्हणजे येत असून बोलत नव्हती. माफी मागायला आली असेल तर मागत का नाही, आणि नसेल तर आली कशाला?

शेवटी माणिकरावांना राहवलं नाही.

“मराठी येते ना तुमाले? मंग तोंड काऊन नाही उघडत? माह्या पोराले दुसऱ्याच्या फाटकावर उभं केलं, आता बोलाले लाज वाटून राह्यली का?”

रिव्कानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

“आमच्यात दुःखाच्या घरी पाहुण्यानं आधी बोलायचं नसतं, काका. घरचे बोलेपर्यंत थांबायचं. मी थांबले होते.”

माणिकराव त्याच रिकाम्या खुर्चीत मटकन बसले. राग गेला असं नाही, पण तो कुणावर काढावा ते त्यांना कळेना.

तेवढ्यात जनकाबाई सरकत पुढे आल्या. त्यांनी रिव्काचं मनगट धरलं. आवाज पार बसला होता.

“माह्या लेकरापाशी कोणी होतं का वं तिथं?”

“होतं, काकू. गेलेल्या माणसाला आम्ही एकटं ठेवत नाही. पेटी निघेपर्यंत शवागाराच्या दाराशी पाळीपाळीनं बसलो, ज्यू, चिनी, बंगाली, सगळे,” रिव्का म्हणाली. “रात्री माझी आई बसायची. त्याच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून ती उजाडेपर्यंत त्याच्याशी मराठीत बोलत राहायची.”