आतून फुटलेलं दार

चिमी आणि तिच्या दादाने मिळून जुनी चार मजली इमारत विकत घेतली होती. नळ, वायरिंग, रंग, सगळं उरकलं. वरच्या मजल्यावरचं एक दार मात्र टिकेना. नवं बसवलं की सकाळी आतून फुटलेलं सापडायचं. घर तर रिकामं.

“भाडेकरू यायच्या आधीच निघून चाललेत,” सुतार म्हणाला. कोणी हसलं नाही.

“सागवानी बसवा. दार भक्कम असलं की भाडंही चांगलं येतं,” दादा म्हणाला.

दार बसलं. आतली कडी नीट लागते का, ते बघायला दादा आत गेला आणि लगेच आतून धक्के बसू लागले.

“चिमे, उघड! चिमे!”

तिने दार ढकललं, सुताराने पहार घातली. दार हलेना.

“कोणाला कोंडलंय गं, चिमे?”

दादा जिन्याने वर येत होता. हातात नवी कुलपं.

तेवढ्यात फळी तडकली. फटीतून एक रक्ताळलेला हात बाहेर आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. दादाने सुताराचा हातोडा हिसकावला आणि त्या हातावर घातला.

किंकाळी दोघांच्याही तोंडून एकदम निघाली, दारामागच्या आणि दादाच्या.

दादाने आपल्या चेचलेल्या बोटांकडे पाहिलं. मग हातोडा दुसऱ्या हातात घेऊन त्याने तो पुन्हा उचलला.