नाव तेवढं बरोबर

वाचनालयाच्या दालनात एकाच नावाच्या थोर माणसांच्या तसबिरी लावल्या होत्या. एक राजा, एक वैद्य, एक दर्यावर्दी. शेवटची तसबीर नदीवरचा पूल बांधणाऱ्या इंजिनिअरची, तिच्यावर अजून पडदा होता.

इंजिनिअर बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला. शेजारी त्याचा बालमित्र होता. दोघांचंही नाव तेच, म्हणून शाळेपासून सगळे एकाला लंबू आणि दुसऱ्याला छोटू म्हणत. पूल लंबूने बांधला, छोटू त्याच्या हाताखाली होता.

पडदा सरला. खाली पुलाची सगळी हकीकत होती, चेहरा मात्र छोटूचा. टाळ्या झाल्या. छोटू उठला, सगळ्यांना हात जोडून पुन्हा जागेवर बसला.

“अहो, काहीतरी चुकलंय. सांगा ना त्यांना,” बायको पुटपुटली.

“चुकलं नाही, वहिनी,” छोटू हळूच म्हणाला. “फोटो मागायला ते माझ्याकडे आले. मी माझा दिला.”

लंबू त्याच्याकडे वळला. “अरे, पण पूल मी बांधला.”

“मी कुठे नाही म्हणतोय?” छोटूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणून तर नाव तुझं लागलंय.”