कायमचा हुकूम

"शुक्रवारी कागद घेऊन मुंबईला जायचंय. येतोस की दुसऱ्या कुणाला सांगू?" रज्जाकने रिकामी कपबशी खाली ठेवत विचारलं.

प्रश्न गजाला होता. ओटीवरून त्याच्या बापाने, चांगोने उत्तर दिलं, "दुसऱ्याला सांग."

रज्जाक गजाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा मेहुणा कुवेतला एका बांधकाम कंपनीत मुकादम होता आणि त्याने दोन माणसं मागवली होती. एक रज्जाक स्वतः. दुसरी जागा त्याने गजासाठी धरून ठेवली होती.

"हितं काय हाय, बाबा?" गजा म्हणाला. "हिवतापाच्या खात्यात सात वर्षं झाली. अजून हंगामीच. उद्या नको म्हणाले तर?"

"सरकारी नोकरी हाय रं ती. अशी सोडून जातात काय?"

"कायम केलं तर मी कशाला जातोय? कायमचा हुकूम येऊ दे, हितनं हलणार नाय."

चांगोने हे वाक्य गाठीला बांधून ठेवलं.

त्याची उभी हयात कर्जतच्या कचेरीत शिपाई म्हणून गेली होती. दुसऱ्यांचे हुकूम पोचवता पोचवता टाचा झिजल्या. हुकमापुढे माणूस कसा गप्प होतो ते त्याने पाहिलं होतं. आणि घरातून गेलेला माणूस कसा परत येत नाही, तेही. थोरला नागू भिलाईला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. आई गेली तेव्हा तार मिळूनही तेराव्याला पोचला. आता गजाही गेला, तर मागे उरणार म्हातारा आणि सातवा महिना लागलेली सून पारू. तिची आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती. दोन्ही वेळा गजाच तिच्या उशाशी बसून होता. यंदा कोण बसणार?

गजाचं काम पायपिटीचं. कर्जत ते कशेळे रस्त्यावरच्या गावांत दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं आणि दारामागच्या भिंतीवर पेन्सिलने तारीख टाकून सही करायची. त्यांचं स्वतःचं घरही त्याच्याच भागात. सात वर्षांच्या तारखा भिंतीवर ओळीने उतरत आल्या होत्या.

"हल्ली घरची तारीख टाकत नाय रं तू?" चांगोने एकदा विचारलं होतं.

"घरच्यांना काय विचारायचं? ताप आला तर कळंलच की."

हल्ली तो पहाटेच निघायचा, अंधार पडता यायचा. लांबच्या वाड्या दिल्यात म्हणायचा. सदऱ्याला वेगळाच उग्र वास येतो, अशी पारूची तक्रार होती. फवारणीचं औषध बदललंय, गजाने सांगितलं.

मंगळवारी चांगो कर्जतला गेला. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा जैतू त्याचा जुना ओळखीचा.

"हे बरं नाय, चांगोभाऊ," जैतू म्हणाला, पण त्याने टाइप केलं. मजकूर चांगोने तोंडी सांगितला. असे शेकडो हुकूम त्याच्या हातून गेले होते. वर जावक क्रमांक, शेजारी तारीख, १४ जून १९७७. खाली कुणालाही वाचता न येणारी सही आणि शिक्क्याचा नुसता निळा डाग.

वाटेत त्याला फार वाईट वाटलं. पोराला आपण फसवतोय, हे त्याला कळत होतं. गजा कागद खात्यात नेईल, कारकून हसतील, मग तो घरी येऊन बापाला शिव्या घालील. घालू दे. तोवर रज्जाक गेलेला असेल. शिव्या घालायला तरी पोरगा घरात असेल.

गुरुवारी संध्याकाळी त्याने कागद गजाच्या हाती दिला.

गजाने उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वाचला. तारखेवर त्याचं बोट थांबलं, ते बराच वेळ तिथंच राहिलं.

"कुणी आणला, बाबा?"

"पोस्टमननं. दुसरं कोण आणणार?"

"पाकीट कुठं हाय?"

"चुलीत गेलं."

गजाने बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. कागदाची नीट घडी घालून त्याने ती देवापुढे ठेवली आणि येऊन चांगोच्या पाया पडला.

"मग कुवेतचं काय?" चांगोने चाचरत विचारलं.

"आता कसलं कुवेत? हुकूम आलाय ना."

पारूने दोघांच्या हातावर गूळ ठेवला. शुक्रवारी रज्जाक दुसऱ्याच कुणाला घेऊन मुंबईला गेला.

चांगो रोज संध्याकाळी शिव्यांची वाट बघायचा. त्या आल्याच नाहीत. गजा पहाटे जायचा, थकून यायचा, त्या कागदाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. भाद्रपदात पारूला मुलगी झाली. गजा दोन रात्री उशाशी बसून होता. मुलगी जगली. खात्याने खरंच कायम केलं असावं, असं चांगोला वाटू लागलं. देव कधी कधी लबाडीलाही पावतो.

दिवाळीच्या आधी खात्याचा माणूस दारात आला. लडकू त्याचं नाव, खोपोलीकडचा.

"कुणाला ताप हाय काय, काका?"

"नाय रं बाबा. आमचा गजा तुमच्याच खात्यात हाय," चांगो नातीला मांडीवर घेऊन म्हणाला. "कायम झालाय."

लडकूची पेन्सिल थांबली. "गजा? त्याला तर मार्चअखेर काढलं, काका. आमा सगळ्याच हंगामींना काढलं. मला परवा परत घेतलं. तो रसायनीला कारखान्यात पोती उचलतो, तवापासनं."

त्याने भिंतीवर तारीख टाकली. तिच्या लगेच वर गजाच्या हातची शेवटची तारीख होती, २९ मार्च.

चांगोला गजाचं ते बोट आठवलं, चौदा जूनवर थांबलेलं.