रुईचा चीक

रविवारी पेरुंगुडीच्या तळ्याकाठी निसर्गफेरी निघण्याआधी विद्यालक्ष्मी टीचरनी मुलांकडून नियम घोकून घेतले. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगभर कपडे घालायचे, डासांचं मलम लावायचं आणि कुठलं पान, किडा, काहीही अंगाला लागलं तर आधी टीचरना सांगायचं.

परतताना सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला. तेवढ्यात आठ वर्षांची लावण्या बोटं पुढे करून म्हणाली, "टीचर, रुईचं पान तुटलं, हाताला दूध लागलंय. काही होईल का?"

विद्यालक्ष्मी पदर सारखा करत होत्या. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "काही होत नाही गं. फ्रॉकला पूस आणि पटकन उभी राहा."

लावण्याने बोटं पुसली. फोटो निघाल्यावर त्याच बोटांनी तिने डोळा चोळला.

संध्याकाळी विद्यालक्ष्मी धावतपळत दवाखान्यात पोहोचल्या, तेव्हा लावण्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. नजर वाचेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. आता पोर आपलं नाव घेणार, या धास्तीने त्या दारातच थबकल्या.

लावण्याची आई कनका रडत रडत तिला रागावत होती. "अय्यो, टीचर एवढं घसा फोडून सांगतात! चीक लागल्या लागल्या त्यांना का नाही सांगितलंस?"

लावण्याने उघड्या डोळ्याने दाराकडे पाहिलं.



"चुकलं अम्मा, विसरले," ती म्हणाली; आणि शरमेने विद्यालक्ष्मींची मान खाली गेली, तरी त्यांनी ते खोटं तसंच राहू दिलं.